रेड्याची दोरी

वर्कशॉप, ५ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

नमस्कार भेटल्यावर वाकून करीन. आधी निकाल ऐका, कारण पाकीट फोडताना तुम्ही तोच शोधणार हे मला माहीत आहे.

तुमचा रेडा आज ट्रकनं निघाला. चेनसॉला रेडा म्हणणारे जगात तुम्ही एकटेच असाल, पण महिनाभर तो माझ्या टेबलावर बसून होता आणि आता मलाही दुसरं नाव सुचत नाही. तीस वर्षांचं धूड, उचलताना कंबर बोलते. त्याच्या शेजारी मी माझी भिंगरी ठेवली. गेल्या साली आलेलं नवं मॉडेल, वजनाला रेड्याच्या निम्मं, आणि त्यावर माझा हात फिरलेला. धूर बाहेर टाकणारा मफलर मोकळा केलाय, सिलिंडरच्या वाटा रुंद केल्यात.

आपला वाद पंधरा वर्षांचा. तुम्ही म्हणता जुन्याला तोड नाही, मी म्हणतो नव्याला जोड नाही. या वेळी तोंडानं भांडायचं नाही असं ठरवलं. चेनच्या जागी ब्रेकचा ड्रम बसवला, ड्रमला फूटभर पट्टी जोडली, पट्टीच्या टोकाला स्प्रिंगकाटा अडकवला. इंजिन जितक्या जोरानं पीळ देईल तितका काटा ओढला जाणार. हाच तो टॉर्क. रेड्यानं काटा दोन किलो शंभरवर नेला. भिंगरीनं एक किलो सातशेवर. घ्या, वाजवा टाळ्या.

पण एवढ्यावर नाचू नका. रेडा तो जोर मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर देतो, भिंगरी अकरा हजारांवर. जोराला वेगानं गुणलं की पॉवर. तिथे भिंगरी रेड्याला मागे टाकते, आणि थोडंथोडकं नाही, चौथाई हिश्शानं. चौकोनी तुळईत भिंगरीनं अकरा सेकंदांत काप पूर्ण केला, रेड्याला पंधरा लागले. मग कवेत न मावणारा ओंडका आणला. तिथे मी भिंगरीवर जरा रेललो तर ती गप्पच झाली. रेड्यावर अख्खा माणूस रेलला तरी तो आपला खालमानेनं चालत राहतो. म्हणजे तुमचं म्हणणं निम्मं खरं आणि माझंही निम्मं. ताईला सांगा, तिचा भाऊ आणि नवरा दोघंही अर्धे शहाणे आहेत.

मशीनसोबत तुम्ही चिठ्ठी पाठवली होती, ‘पोट उघडायचं नाही, फक्त साफसफाई.’ हुकुमाप्रमाणे साफ केलं, कार्बोरेटर धुतला, दोरी नवी घातली. लाकडात घातलात की काय वाटलं ते लगेच कळवा. अगदी पहिल्या कापाला काय वाटलं तेच.

तुमचा एकुलता एक मेव्हणा,
मिस्त्री

*

लाकूड डेपो, १९ फेब्रुवारी

चि. मिस्त्री,

मशीन पोचलं. पेटी धड होती. साफसफाई छान केली आहेस. लाकडात अजून घातलेलं नाही, सध्या काम बेताचं आहे.

आकडे वाचले. टोळीतल्या सातही जणांना वाचून दाखवले. दोन किलो शंभर ऐकल्यावर मुकादम म्हणाला, हेड कटरसारखंच मशीन. सगळे हसले. तीस वर्षं झाडाचा पहिला काप मीच घेतो, म्हणून म्हणाला.

अक्षर वाईट आलं आहे. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

ताई बरी आहे. जास्त लिहीत नाही.

भाऊजी

*

वर्कशॉप, २४ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

अक्षर वाईट? अहो, कोंबडीनं पाय शाईत बुडवून कागदावर फेरफटका मारलाय! पोस्टमननं पत्ता कसा वाचला ते तोच जाणे. चष्मा बदला, नाहीतर उद्या झाड सोडून मुकादमाच्या पायाला चेन लावाल.

आणि काम बेताचं आहे? हे मी कुणाकडून ऐकतोय? गळ्यात मफलर, डोक्याला ताप असतानाही जंगलात गेलेला माणूस तुम्ही. पंधरा दिवस रेडा नुसता पेटीत? मला तर रोज वाटतं, आज पत्र येईल, आज येईल. माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात, मी रेड्याचे आकडे सांगतो, ती विचारतात मालक काय म्हणाले? काय सांगू, मालक चष्मा शोधतायत?

आळस झटका. दोरी ओढा, लाकडात घाला, आणि लिहा.

तुमचा,
मिस्त्री

*

घर, ३ मार्च

धाकट्या,

हे पत्र मी लिहिते आहे ते ह्यांना माहीत नाही. कळलं तर रागावतील, रागावू देत.

तुझं पत्र ह्यांनी खिडकीशी उभं राहून वाचलं. कोंबडीच्या पायांपाशी आले आणि हसले. मग घडी करून खिशात ठेवलं आणि डाव्या हातानं डोळे पुसले. डाव्याच हातानं, कारण उजवा प्लास्टरमध्ये आहे. तुला जे पत्र आलं ते डाव्या हातानं लिहिलेलं होतं. तीन कागद फाडले होते त्याआधी.

बारा तारखेला पेटी उघडली, रेडा अंगणात ठेवला आणि दोरी ओढली. दोरी हातात आली आणि तशीच उलटी मागे गेली, हात घेऊन. मनगटाचं हाड आणि दोन बोटं. डॉक्टर म्हणतात मनगट जुळेल, पण तर्जनी पूर्वीसारखी वळणार नाही.

डेपोत ह्यांनी सांगितलं की ओल्या सालीवरून पाय घसरला. मलाही आधी तेच सांगितलं. आठ दिवसांनी जेवताना डाव्या हातातला घास खाली पडला तेव्हा म्हणाले, ‘घसरलो नाही गं. दोरी सुटली. काल कामाला लागलेला माणूससुद्धा दोरी ओढतो, आणि माझ्या हातात दम राहिला नाही.’ तेव्हापासून कुणी घरी आलं की हात टॉवेलखाली घेतात. मुकादमानं विचारलं, रेडा कसा चालतो, तर म्हणाले अजून बघितला नाही. स्वतःच्या तोंडानं खोटं बोलतात.

आता म्हणतात हेड कटरची जागा सोडतो, डेपोच्या खिडकीत लाकडाच्या चिठ्ठ्या फाडायला बसतो. तुला कळू नये म्हणून मला शपथ घातली. सगळ्यांत जास्त लाज त्यांना तुझ्यासमोर वाटते. तू म्हणशील मशीन तरणं निघालं आणि माणूस म्हातारा.

तू यंत्रांतला माणूस. असं धडधाकट माणसालाही होतं का? होत असेल तर तसं त्यांना लिही. माझं बोलणं त्यांना बायकोनं घातलेली समजूत वाटते. तू लिहिलंस तर पटेल. मी कळवलं म्हणून सांगितलंस तरी चालेल.

ताई

*

वर्कशॉप, १२ मार्च

ती. भाऊजी,

ताईनं कळवलं. तिच्यावर रागावू नका. वाचून फार वाईट वाटलं. लगेच लिहिणार होतो, पण वर्कशॉपमध्ये कामाचा रेटा होता.

भाऊजी, अशा गोष्टी होतात. जुनी मशीनं हट्टी असतात. थंडीत तर विचारूच नका. आणि आपणही काही कायम पंचविशीत राहत नाही. मनगटाचा जोर वयाप्रमाणे थोडा कमी होतो, त्यात कमीपणा काय? खरं तर मी तुम्हाला कधीचा सांगतोय की रेड्याला आराम द्या. नवी मशीनं हलकी, दोरीही लोण्यासारखी येते. भिंगरी मी तुमच्यासाठीच बाजूला ठेवतो. प्लास्टर निघालं की पाठवतो. माझ्याकडून भेट समजा.

रेडा तूर्त वापरू नका. पेटीत ठेवा. उन्हाळ्यात मी आलो की एकदा बघीन.

ताईला म्हणावं काळजी करू नको. हळदीचं दूध घ्या.

तुमचा,
मिस्त्री

*

डेपो, २० मार्च

चि. मिस्त्री,

पत्र मिळालं. खरं सांगू का, मी दोन गोष्टींची वाट बघत होतो. डॉक्टर काय म्हणतो आणि तू काय म्हणतोस. डॉक्टर हाडाबद्दल बोलला. यंत्रातलं तुला कळतं. हाताला दम नाही की यंत्राला काही झालंय, हे सांगू शकेल असा तूच. मनात कुठेतरी होतं, तू लिहिशील की भाऊजी, असं कुणालाही झालं असतं. तुझ्या पत्रानं ते मिटलं. आता मन स्वस्थ आहे.

सोमवारी मुकादमाला सांगितलं. त्यानं फार विचारलं नाही, मला वाटतं त्याला आधीच कळलं होतं. हेड कटर म्हणून लाल्याला नेमला. माणूस चांगला आहे, माझ्याच हाताखाली बारा वर्षं काढली. कुऱ्हाड, दोरखंड, पाचरी सगळं त्याच्या स्वाधीन केलं. टोळीसमोर चार शब्द बोलायला सांगितले, ते मी लाल्यालाच बोलायला लावले. हात टॉवेलखाली होता. लाल्या पाया पडायला वाकला तेव्हा आशीर्वादाला उजवा हात वर निघेना, डावा ठेवला.

खिडकी बरी आहे. सावली असते. चिठ्ठी फाडायला एक हात पुरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी झाकलेलीच बरी.

भिंगरी पाठवू नकोस. ज्याला दोरी ओढता येते त्याला दे.

तू रेडा पेटीत ठेवायला सांगितलं होतंस, पण धडधाकट माणसाकडे चालणारं यंत्र नुसतं गंजत ठेवणं मला पटेना. तोही लाल्यालाच दिला. त्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे. पुढच्या आठवड्यात मोठी झाडं उतरवायची आहेत, तेव्हा तो काढील.

भाऊजी

*

तार, २४ मार्च

रेड्याची दोरी कुणीही ओढू नका. लाल्याला आत्ता थांबवा. चूक माझी. पत्र मागून.

*

वर्कशॉप, २४ मार्च

भाऊजी,

तार करून आलो आणि लगेच लिहायला बसलोय. तुमच्या डेपोत टेलिफोन आहे हे मला माहीत आहे. दोनदा रिसीव्हर उचलला. पण ऑफिसातला साहेब उचलणार, तुम्हाला बोलावणार, आणि मग मला बोलावं लागणार. मी ठेवून दिला. इतका मी शूर.

तुमच्या हातात दम नाही हे खोटं आहे. मी बारा मार्चला जे लिहिलं ते सगळं खोटं आहे. कामाचा रेटा नव्हता. सहा दिवस मी ताईचं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून त्या ड्रॉवरसमोर बसत होतो.

मी रेड्याचं पोट उघडलं.

तुम्ही चिठ्ठी पाठवली होती तरी उघडलं. पहिल्या पत्रातले आकडे खरे होते, पण ते उघडण्याआधीचे. दोन किलो शंभर दिसल्यावर मला चैन पडेना. वाटलं, माझा हात न लागता हे म्हातारं मशीन एवढा टॉर्क देतं, तर हात लागल्यावर किती देईल? सिलिंडरखालचं गॅस्केट काढलं, म्हणजे आतला दाब वाढला. मफलर कोरला. इंजिनचं चाक जागेवर धरणारी चावी घासून ठिणगी लवकर पडेल अशी केली. काटा दोन किलो सहाशेवर गेला. वर्कशॉपभर मी नाचलो, भाऊजी. आणि ठरवलं की तुम्हाला सांगायचं नाही. तुम्ही पहिल्याच कापाला थबकाल, लिहाल की मिस्त्री, रेड्याला काय खायला घातलंस? मग मी मिशीला पीळ देऊन सांगणार होतो. त्यासाठी ‘लगेच कळवा, लगेच कळवा’ म्हणून तुमच्या मागे लागलो होतो.

आता जे लिहायचं ते यापेक्षा वाईट आहे.

दाब वाढवला आणि ठिणगी लवकर पाडली की दोरी हळू ओढताना पिस्टन वर पोचायच्या आतच आत भडका उडतो. इंजिन उलटं फिरतं. दोरी हाताला सोडत नाही, हाताला घेऊन जाते. म्हणून असं काम केलं की सिलिंडरवर दाब सोडायचं बटण बसवायचं असतं. ते दाबून दोरी ओढली की मूलही चालू करील. बटण माझ्या कपाटात होतं. भोक पाडून आटे काढायचे, तासाभराचं काम. मी बसवलं नाही. आळसानं नव्हे. बटण बाहेरून दिसतं, आणि तुम्ही पाहताक्षणी ओळखलं असतं की पोट उघडलंय. माझी गंमत फसली असती.

आणि मला माहीत होतं. टेबलावर रेड्यानं मला एकदा हिसका दिला होता. अंगठा दोन दिवस सुजला होता. त्यानंतर मी चामडी हातमोजा घालून, पाय रोवून, एका झटक्यात ओढत होतो. तुम्ही दोन बोटांत मूठ धरून आधी हळू ओढून दाब चाचपता, हे मी लहानपणापासून बघतोय. तरी मी मशीन पेटीत भरलं, आणि त्यावर लिहिलं की फक्त साफसफाई.

तुम्ही म्हणता माझ्या पत्रानं तुमचं मन स्वस्थ झालं. ते वाक्य वाचल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमच्या मनात जे होतं, की असं कुणालाही झालं असतं, तेच खरं होतं. लाल्याला झालं असतं. पैलवानाला झालं असतं. मी ते एका ओळीत लिहू शकलो असतो. त्याऐवजी वय झालं म्हणालो, हळदीचं दूध घ्या म्हणालो, आणि वर भिंगरी भेट द्यायला निघालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर तुमचा हात दाखवला.

मला माझीच शरम वाटते. याहून जास्त लिहिता येत नाही. मुकादमाला मी पत्र लिहितो, जागा तुम्हाला परत मिळायला हवी.

मिस्त्री

*

डेपो, २ एप्रिल

मिस्त्री,

तार ऑफिसच्या कारकुनानं मोठ्यानं वाचली. टोळी मजुरीसाठी उभी होती. ‘चूक माझी’ हे शब्द त्यानं दोनदा वाचले. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी टॉवेल आणखी घट्ट धरला. लाल्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेडा काढणार होता. पेटी परत आणली. तो माणूस वाचला, तेवढं तुझ्या खात्यावर.

पत्र तीन दिवसांनी आलं. पहिल्यांदा वाचलं आणि मला हसू आलं. खरंच. खिडकीत एकटा बसून हसलो. हातात दम होता! मग दुसऱ्यांदा वाचलं.

सहा आठवडे मी माझ्या घरात चोरासारखा वावरलो. बायकोशी खोटं बोललो, मुकादमाशी खोटं बोललो. आरशात दाढी करताना मनगटाकडे बघायचं टाळलं. लाल्याला दोरखंड दिला तेव्हा वाटलं, आता जगायचं ते उरलंसुरलं. ती लाज माझी नव्हतीच रे. तुझी होती. मी तुझ्याऐवजी वाहिली, आणि तू वाहू दिलीस.

मशीन उघडलंस त्याचं मला फार नाही. तुझा तो हव्यास मला आमच्या लग्नापासून माहीत आहे, तेव्हाही तू माझ्या सायकलची चेन काढून बसला होतास. बटण बसवलं नाहीस, तेही एक वेळ मूर्खपणा म्हणून सोडीन. पण मी विचारलं होतं. तुझ्या ताईनं माझ्यासाठी विचारलं होतं. आणि तू म्हणालास, वय.

मुकादमाला पत्र लिहू नकोस. जागा गेली ती गेली, लाल्याचा त्यात दोष नाही, आणि माझी तर्जनी तुझ्या पत्रानं वळणार नाही. तुझ्या पत्रात ‘शरम’ हा शब्द आहे. तो मी घडी करून ठेवला. पत्रातली शरम पाकिटात राहते, मिस्त्री. इथे ये. टोळीसमोर उभा राहा आणि सातही जणांना तोंडानं सांग. मी घसरलो नव्हतो आणि माझा हात दुबळा नव्हता, एवढंच.

तुझ्या ताईला मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं काम.

भाऊजी

*

घर, १४ एप्रिल

धाकट्या,

तू आलास, डेपोत गेलास आणि घरी न येता पहिल्या गाडीनं परत गेलास, हे मला लाल्याच्या बायकोकडून कळावं? दोन पावलांवर बहिणीचं घर. मी काय वैरीण आहे?

ती पुढचं काही सांगेना, आणि ह्यांना विचारलं तर म्हणतात, ‘त्यालाच विचार.’ काय झालं डेपोत? भांडलात का? पण भांडलेल्या माणसासारखे हे दिसत नाहीत. काल मुकादम आणि त्याची बायको आली होती, तर ह्यांनी उजव्या हातानं चहाचा कप उचलला. थोडा सांडला, पण टॉवेल घेतला नाही. मी बघतच राहिले. पाहुणे गेल्यावर बोटं उघडमीट करत अंगणात बसले होते.

एवढं चांगलं काय सांगितलंस त्यांना? आणि चांगलं सांगितलंस तर तोंड लपवून का गेलास?

ताई

*

वर्कशॉप, १९ एप्रिल

ताई,

मी त्यांना चांगलं काही सांगितलेलं नाही. भाऊजींचा हात मी मोडला.

रेडा माझ्याकडे साफसफाईला आला होता. मी न विचारता त्याचं इंजिन जोरदार केलं, इतकं की दोरी उलटी फिरून माणसाचा हात मोडेल, आणि ही गोष्ट त्यांच्यापासून लपवली, कारण मला शाबासकी हवी होती. तू पत्र लिहून विचारलंस, धडधाकट माणसालाही असं होतं का? तुझं पत्र हातात घेतलं त्या क्षणी मला उत्तर माहीत होतं. मी सहा दिवस थांबलो आणि त्यांना लिहिलं की तुमचं वय झालं. त्यावर त्यांनी जागा सोडली. त्यांना धीर देणारं पत्र तू मागितलं होतंस, मी पाठवलं ते हे.

डेपोत गेलो तेव्हा टोळी ओंडक्यांवर बसली होती. भाऊजी खिडकीत होते, बाहेर येऊन लाल्याच्या शेजारी उभे राहिले. मी सांगितलं. गाडीत सगळं पाठ केलं होतं, गॅस्केट, ठिणगी, काटा, पण तिथे तीनच वाक्यं आली. मशीन मी बिघडवलं. भाऊजी घसरले नव्हते. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हात मोडला असता. मुकादम म्हणाला, ‘आणि हे तुम्हाला ठाऊक होतं?’ मी म्हणालो, होय. मला वाटलं होतं शिव्या देतील. एक जण उठला, त्यानं भाऊजींना बसायला ओंडक्यावरची जागा करून दिली.

मग भाऊजींनी लाल्याला रेडा आणायला सांगितला. माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. मला वाटलं, घेऊन जा म्हणतील. ते म्हणाले, ‘सुरू कर.’

मी हातमोजा शोधायला पिशवीत हात घातला. ते म्हणाले, ‘मला हातमोजा पाठवला होतास का?’

मी वाकलो. एक पाय मशीनवर ठेवला, दोरीची मूठ धरली. त्यांच्यासारखी, दोन बोटांत. ताई, आठ माणसं बघत होती आणि मला त्या दोरीपलीकडे काही दिसत नव्हतं. नुसतं ओढायचं होतं. कदाचित काही झालंही नसतं. दर वेळी ती उलटी जातेच असं नाही, चारांत एकदा जात असेल. मी किती वेळ तसाच वाकून होतो ते मला माहीत नाही. खांदा ताणला की मूठ आपोआप सैल व्हायची.

भाऊजी जवळ आले. खाली बसले, आणि त्या न वळणाऱ्या बोटानं माझी बोटं एकेक करून मुठीवरून सोडवली. म्हणाले, ‘राहू दे. एका घरात एक हात पुरे.’

ते रागानं म्हणाले असते तर मी तुझ्याकडे जेवायला आलो असतो.

त्यांच्या पेटीत ती दोरी भरताना मी एकदाही थांबलो नव्हतो. माझी पाळी आली तेव्हा मी हात मागे घेतला.

धाकटा